प्रेमाची आग आणि रागाची आग: मराठीत या दोन्ही आगी एकच आहेत का?

अबोली

नमस्कार. मागच्या महिन्यात पूर्ण केलेल्या एका कथेत मी 'तिच्या मनात प्रेमाची आग धगधगत होती' असे वाक्य लिहिले होते. माझा कच्चा खर्डा नेहमी वाचून देणाऱ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात एवढेच लिहिले, 'ही आग मराठी नाही.' गंमत अशी की, त्याच पानावर चार ओळी खाली 'हे ऐकून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली' असे वाक्य होते आणि त्याला मात्र त्यांनी हातही लावला नव्हता.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. माझी समजूत अशी होती की, प्रेम आणि राग यांना अग्नीची उपमा देणे ही सगळ्याच भाषांची जुनी सवय आहे आणि त्यामागचे कारणही उघड आहे: दोन्ही ठिणगीने सुरू होतात, दोन्ही बघता बघता भडकतात, दोन्हींमध्ये माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो आणि दोन्ही सरल्यावर मागे राख उरते. मग एक आग आपली आणि दुसरी उसनी, असे का वाटावे? दोन्ही भावना एकाच ज्वाळेच्या दोन बाजू आहेत असे माझे मत आहे, पण ते चुकीचे ठरले तर मला आनंदच होईल, कारण कथा अजून छापायला गेलेली नाही.

शब्दवेध

अबोलीताई, तुमच्या स्नेह्यांचा कान चांगला आहे. कागद घेऊन एका बाजूला रागाचे आणि दुसऱ्या बाजूला प्रेमाचे वाक्प्रचार लिहीत गेलात, तर पाच मिनिटांत चित्र स्पष्ट होते. रागाच्या बाजूला भडकणे, पेटणे, धुमसणे, जळफळणे, आगपाखड करणे, आग ओकणे, डोके तापणे, भडका उडणे, आगीत तेल ओतणे अशी रीघ लागते. 'संताप' आणि 'तापट' या शब्दांत तर ताप उघडच बसलेला आहे. प्रेमाच्या बाजूला काय येते? ओलावा, पाझर, मायेचा झरा, भरून येणे, ऊर दाटणे, विरघळणे. मराठी प्रेम ओले आहे. त्यात उष्णता असलीच तर ती उबेपुरती असते, आणि ऊब म्हणजे आग नव्हे. 'प्रेमाची आग' कानाला खटकते ती यामुळे. ती बहुधा हिंदी गाण्यांच्या वाटेने आपल्याकडे आली असावी, असा माझा अंदाज आहे.

आता तुमच्या बाजूनेही एक पुरावा देतो, आणि तो माझ्या मते सर्वांत मोठा आहे. 'राग' हा शब्दच पाहा. संस्कृतात तो 'रञ्ज्' या धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ रंग, विशेषतः लाली, आणि त्यावरून आसक्ती, प्रेम. 'अनुराग' या शब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे. मराठीत मात्र तोच 'राग' म्हणजे क्रोध. ज्या शब्दाने एका भाषेत प्रेमाने आरक्त झालेला चेहरा दाखवला, त्याच शब्दाने दुसरीत संतापाने लाल झालेला चेहरा दाखवला. लाली तीच राहिली, कारण बदलले.

दुसरा शब्द 'स्नेह'. त्याचा एक अर्थ तेल किंवा स्निग्धता आणि दुसरा अर्थ माया. दिव्यातला स्नेह आणि मनातला स्नेह यांवर संस्कृत कवींनी भरपूर श्लेष केले आहेत. म्हणजे आपल्या परंपरेत प्रेम ही ज्योत नसून ज्योतीला पुरणारे तेल आहे, असेही म्हणता येईल.

काजळी

शब्दवेध, मग 'जीव जळतो' याचे काय करायचे? आजारी लेकराकडे पाहून आई 'माझा जीव जळतो रे' म्हणते, तेव्हा तिला राग आलेला नसतो. आणि 'ज्याचे जळते त्याला कळते' ही म्हण तर रागाला लावताच येणार नाही.

शब्दवेध

अगदी योग्य आक्षेप आहे, आणि माझे विधान मला सुधारून घ्यावे लागेल. मराठी प्रेमात आग आहे, पण ती प्रिय माणूस जवळ आणि सुखात असताना दिसत नाही. ते दूर गेले, किंवा जवळ असूनही त्याचे दुःख आपल्याला दूर करता येत नाही, की ती लागते. जीव जळतो, मन पोळते, चटका लागतो, काळीज होरपळते. या सगळ्या क्रियापदांत जळणारा माणूस स्वतःच असतो आणि त्याची झळ दुसऱ्या कोणाला लागत नाही.

ज्ञानदेवांची 'घनु वाजे घुणघुणा' ही विरहिणी, म्हणजे विरहाचे पद, याची साक्ष आहे. तिच्यात 'चंदनाची चोळी माझे सर्व अंग पोळी' अशी तक्रार आहे, आणि फुलांची शीतल शेजही आगीसारखी पोळते म्हणून 'वेगीं विझवा' अशी विनवणीही आहे. इथे एकही जळती वस्तू नाही, याकडे लक्ष द्या. चंदन थंड, फुले थंड, चांदणेही थंड, आणि नेमके तेच भाजते आहे. अबोलीताईंच्या वाक्यात 'आग' हे नाम आणून ठेवले होते. विरहिणीत आग कुठेच ठेवलेली नाही, तिचे फक्त पोळणे आहे.

उष्मांक

भाषेच्या अंगाने बरेच आले आहे, म्हणून शरीराच्या अंगाने थोडे लिहितो. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी 1980 मध्ये असे मांडले की, रूपक हा केवळ कवितेचा अलंकार नसून आपल्या विचाराची रोजची चौकट आहे, आणि ती चौकट बहुधा शारीरिक अनुभवावर उभी असते. पुढे लेकॉफ आणि झोल्टान कोवेचेश यांनी रागाच्या रूपकांचा तपशीलवार अभ्यास केला. इंग्रजीत त्यांना दोन मुख्य चित्रे सापडली: एक आगीचे आणि दुसरे बंद भांड्यात उकळणाऱ्या द्रवाचे. मराठीतही दोन्ही आहेत; 'डोके भडकले' हे पहिले आणि 'रक्त उसळले' हे दुसरे.

या उष्णतेला आधारही आहे. पॉल एकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये केलेल्या प्रयोगात राग आणि भीती या दोन्हींमध्ये हृदयाचे ठोके वाढले, पण बोटांचे तापमान रागात जास्त वाढले. 2014 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी 701 लोकांकडून भावनांचे 'देह-नकाशे' रंगवून घेतले. त्यात रागाची धग छाती, डोके आणि हातांत एकवटलेली दिसते, तर प्रेमाची जवळजवळ सर्वांगात पसरलेली. तेव्हा दोन्ही भावना उष्ण आहेत हे अबोलीताईंचे म्हणणे शरीराच्या पातळीवर बरोबर आहे. प्रश्न एवढाच उरतो की, उष्णता दोन्हीकडे असताना भाषेने एकीला आग आणि दुसरीला ऊब किंवा ओल का म्हणावे? शरीर पर्याय देते आणि त्यांतून निवड भाषा करते, असे मला वाटते.

बंबवाला

मी साहित्याचा माणूस नाही. अग्निशमन दलात सत्तावीस वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे. वर ज्या सहजतेने ठिणगी, ज्वाळा, राख हे शब्द वापरले आहेत ते वाचून थोडे लिहावेसे वाटले, कारण आग तशी वागत नाही, आणि ती खरोखर जशी वागते ते तुमच्या विषयाला जास्त लागू पडते.

पहिली गोष्ट ही की, लाकूड स्वतः ज्वाळा देत नाही. ते तापले की त्यातून ज्वलनशील वायू सुटतात आणि हवेत मिसळून पेटतात. ज्वाळा दिसते ती त्या वायूंची. वायू संपले की जो कोळसा उरतो तो ज्वाळेविना, पृष्ठभागावरच लाल होऊन जळत राहतो. आपण त्याला निखारा म्हणतो. म्हणजे मोठी ज्वाळा ही आगीची सुरुवातीची, घाईची अवस्था आहे आणि निखारा ही नंतरची, टिकाऊ अवस्था. अबोलीताईंनी आगीनंतर थेट राख धरली आहे. मधला निखारा त्यांनी सोडला, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळ तोच खातो. वरची राख हवा अडवते, म्हणून तो सावकाश जळतो आणि आतली उष्णताही ती राखून ठेवते. विझली म्हणून सोडून दिलेली गादी काही तासांनी पुन्हा पेटल्याचे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. झरियाच्या कोळसा खाणींतली आग 1916 पासून जमिनीखाली जळते आहे, तीही अशीच धुमसणारी. 'धुमसणे' हा शब्द तुम्ही रागाला लावता तो अगदी अचूक आहे, फक्त त्यात 'कमी राग' असा अर्थ घेऊ नका. धुमसणारी आग भडकलेल्या आगीपेक्षा थंड असते, पण विझवायला जास्त अवघड असते.

दुसरी गोष्ट बंद खोलीची. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत आग लागली की ती आतला प्राणवायू खाऊन टाकते आणि ज्वाळा खाली बसतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, शांत झाले. प्रत्यक्षात खोली तापलेल्या, न जळलेल्या वायूंनी भरलेली असते, आणि कोणी भाबडेपणाने दार उघडले की हवा आत शिरताच स्फोट व्हावा तसा भडका बाहेर येतो. दाराच्या फटींतून धूर श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होताना दिसला आणि काचा काळ्या पडून तापलेल्या असल्या, तर आम्ही दार कधीच सरळ उघडत नसू. शक्य तिथे आधी वरून वाट करून देत असू. अबोला धरलेली घरे मी पाहिली आहेत, एवढेच सांगतो.

तिसरी गोष्ट शब्दवेध यांच्या 'स्नेहा'मुळे आठवली. पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नये, हे आम्ही शाळाशाळांत जाऊन सांगत असू. पाणी तेलाहून जड असल्याने तळाशी जाते, तिथे क्षणात त्याची वाफ होते, वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे 1700 पट असते, आणि ती वाफ जळते तेल चहूकडे उडवते. अशा वेळी उष्णता देणारी शेगडी बंद करायची आणि भांड्यावर घट्ट झाकण ठेवून थांबायचे. आता स्नेह म्हणजे तेल असेल, तर जवळच्या माणसांतले भांडण ही तेलाची आग झाली. 'अगं, शांत हो ना' हे थंडगार वाक्य त्या क्षणी नेमके काय करते, ते विवाहित वाचकांना मी समजावून सांगण्याची गरज नाही.

काजळी

बंबवाले काका, शेवटचा परिच्छेद घरात मोठ्याने वाचून दाखवला. परिणाम तुम्ही वर्णन केला तसाच झाला.

मंथन

बंद खोलीवरून मला और्वाची कथा आठवली. ती महाभारताच्या आदिपर्वात आहे आणि रागाच्या आगीवर इतका बारीक विचार मी दुसरीकडे वाचलेला नाही. क्षत्रियांनी भृगुकुळाचा संहार चालवला तेव्हा एका स्त्रीने आपला गर्भ मांडीत लपवला. ऊरूतून जन्मला म्हणून तो और्व. कुळाचा संहार कळल्यावर त्याने सगळे लोक जाळून टाकण्याचा निश्चय केला. पितर त्याला आवरायला आले तेव्हा त्याने दिलेले उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे: हा राग मी बाहेर सोडला नाही, तर अग्नी जसा अरणीला जाळतो तसा तो मलाच जाळील. अरणी म्हणजे अग्नी ज्यातून निघतो तेच लाकूड. पितरांनी 'राग सोडून दे' असा उपदेश करण्यावर भागवले नाही, आणि 'जग जाळ' असेही म्हटले नाही. त्यांनी तो अग्नी समुद्रात टाकायला सांगितले. तिथे तो घोड्याच्या मुखाचा वडवानल होऊन पाणी पीत राहिला. ही कथा वसिष्ठांनी आपला नातू पराशर याला सांगितली, आणि तोही पित्याच्या वधाने तसाच पेटलेला होता.

यात आग विझत नाही. तिला फक्त न संपणारे पाणी दिले जाते.

प्रेम आणि राग या दोन आगी समोरासमोर येण्याचा प्रसंग मदनदहनाचा. कालिदासाने कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात तो रंगवला आहे: 'प्रभो, क्रोध आवरा' हे देवांचे शब्द अजून आकाशातच आहेत, तोवर तिसऱ्या डोळ्यातल्या अग्नीने मदनाची राख केलीही. रागाचा वेग याहून नेमका कोणी सांगितला असेल असे मला वाटत नाही. पण त्या काव्याची पुढची दिशा या धाग्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. काम जळून अनंग, म्हणजे देहहीन, झाल्यावर पार्वती शिवाला मिळवते ती तपाने, आणि ग्रीष्मात चार बाजूंनी अग्नी व वर सूर्य ठेवून ती बसते. ताप, संताप, तप, अनुताप आणि पश्चात्ताप हे सगळे शब्द एकाच 'तप्' धातूचे आहेत. उष्णता तीच, रागाच्या भरात ती संताप होते, राग उतरल्यावर मागाहून जाणवते तेव्हा पश्चात्ताप होते, आणि माणसाने ती स्वतः पत्करून धरून ठेवली तर तप होते. अबोलीताई, तुमच्या नायिकेची उष्णता यांपैकी कोणती आहे?

उष्मांक

और्वाचा प्रश्न, म्हणजे राग बाहेर सोडला नाही तर तो मला जाळील का, हा आधुनिक मानसशास्त्रानेही तपासला आहे. ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना मुद्दाम राग आणला. मग काहींना, ज्याने अपमान केला त्याचा विचार करत ठोसे मारायच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले, काहींना केवळ व्यायामाचा विचार करत मारायला सांगितले, आणि काहींना नुसते बसवून ठेवले. अपमान करणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून मारणाऱ्यांचा राग सर्वांत जास्त राहिला, आणि काहीच न करणाऱ्यांची आक्रमकता सर्वांत कमी निघाली. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातला प्रश्नही आगीच्याच भाषेत आहे: राग बाहेर काढल्याने ज्वाळेला इंधन मिळते की ती विझते?

इथे रूपकाने आपल्याला फसवले असावे, अशी मला शंका आहे. राग म्हणजे कोंडलेली वाफ असे चित्र एकदा मनात ठसले की 'झाकण उघडा' हा उपाय आपोआप सुचतो. तोच राग आग मानला, तर झाकण उघडणे म्हणजे हवा देणे.

बंबवाला

बरोबर आहे. मात्र माझ्या वरच्या दोन उदाहरणांत झाकणाची दोन उलटी कामे आहेत, तेही लक्षात घ्या. तेलाच्या आगीत झाकण आग संपवते, कारण शेगडी बंद केलेली असते आणि भांडे निवेपर्यंत आपण थांबतो. बंद खोलीत ते धोका वाढवते, कारण आत जळण भरपूर असते आणि उष्णता कुठे जात नाही. कोणता राग भांड्याएवढा आणि कोणता खोलीएवढा, हे बाहेरून ओळखणे हीच खरी अडचण आहे. आमच्या कामातही तीच होती.

शमी

सगळी चर्चा रागाला धोकादायक मानूनच चालली आहे, म्हणून एक वेगळा शब्द ठेवते. 'पेटून उठणे' याचा अर्थ चिडणे नव्हे. चिडलेला माणूस स्वतःच्या अपमानासाठी भडकतो. पेटून उठलेला बहुधा दुसऱ्यावरच्या अन्यायासाठी उठतो, आणि या शब्दात दोषाची छटा नाही, उलट आदर आहे. म्हणजे मराठीत एक तरी आग अशी आहे जिच्यात राग आणि माया दोन्ही जळतात. संतांची वाट मात्र निराळी आहे. मुक्ताबाईंनी ताटीच्या अभंगात 'विश्व रागें झाले वन्हि, संतें सुखें व्हावें पाणी' असे म्हटले, तिथे जगाच्या आगीला उत्तर म्हणून दुसरी आग नाहीच.

मंथन

शमीताई, मान्य आहे. फक्त कामवासनेचे एक खाते उघडे राहिले आहे, ते थोडक्यात लिहितो. प्रेम ओले असले तरी काम आपल्या परंपरेतही आगच आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 'काम एष क्रोध एष' असे दोघांना एका दमात म्हटले आहे, आणि दोनच श्लोकांनंतर कामाला 'दुष्पूर अनल' म्हटले आहे. 'अनल' शब्दाची फोड शांकरभाष्यात 'ज्याला अलम्, म्हणजे पुरे, असे होत नाही तो' अशी केली आहे. ययातीच्या तोंडचा श्लोकही तेच सांगतो: तुपाने अग्नी वाढतो तसा उपभोगाने काम वाढतो. तेव्हा अबोलीताईंच्या स्नेह्यांनी रेघ ओढलेली आग कामाच्या संदर्भात कदाचित चालली असती.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. मंथन, प्रश्न नेमका होता आणि त्याचे उत्तर शोधतानाच घोटाळा लक्षात आला. माझी नायिका कामाने पेटलेली नाही आणि रागावलेलीही नाही. तो परगावी गेला आहे, पत्र आलेले नाही, आणि ती रोजची कामे करते आहे. एवढ्यासाठी 'धगधगत होती' हे क्रियापद फार मोठे होते.

तुमच्या चर्चेवरून मीही एक निरीक्षण करून पाहिले. राग येतो आगीसारखा, पण जाताना मराठीत तो पाण्यासारखा जातो. 'राग विझला' असे आपण सहसा म्हणत नाही. राग 'ओसरतो', जसा पूर ओसरतो, किंवा 'निवळतो', जसे गढूळ पाणी निवळते. आणि विरहाच्या आगीचे तसेच: भेट झाली की डोळे 'निवतात' आणि मग भरून येतात. त्यामुळे 'दोन्ही सरल्यावर राख उरते' हे माझे सुरुवातीचे वाक्य मी मागे घेते. निदान मराठीत तरी बहुतेक वेळा मागे ओल उरते.

वाक्य आता असे केले आहे: 'तो गेल्यापासून तिला सावलीही पोळत होती.' रागाचे वाक्य तसेच ठेवले आहे. खर्डा उद्या परत पाठवते.

शब्दवेध

चांगले झाले आहे. फक्त 'होती' काढून 'पोळे' करून पाहा: 'तो गेल्यापासून तिला सावलीही पोळे.' तुमच्या कथेची भाषा तेवढी जुनी नसेल, तर मात्र राहू द्या.